छप्पर आहे ना?

बाबांचा फोन आला तेव्हा टँपात सकाळचे सहा वाजले होते आणि माझ्या फोनमध्ये अकरा टक्के बॅटरी उरली होती.

"छप्पर आहे ना?" बाबांनी विचारलं.

"आहे."

"मग झालं. बाकीचं बघता येतं."

तारीख १० ऑक्टोबर २०२४. आदल्या रात्री साडेआठच्या सुमारास मिल्टन नावाचं चक्रीवादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅरासोटाजवळच्या सिएस्टा की इथं धडकलं होतं. मी उत्तर टँपात राहतो. आमचा भाग घरं रिकामी करायच्या यादीत नव्हता, म्हणून मी थांबलो. बाथटब पाण्यानं भरून ठेवला, पॉवर बँका चार्ज केल्या, खिडकीपासून लांब गादी ओढली आणि रात्रभर वारा ऐकत बसलो. वीज दहाच्या आधीच गेली. तरी फोनवर अधूनमधून रेंज येत होती, आणि अशाच एका रेंजमध्ये तो व्हिडिओ उघडला.

खाडीपलीकडच्या सेंट पीटर्सबर्गमधलं ट्रॉपिकाना फील्ड. टँपा बे रेज या बेसबॉल टीमचं घरचं मैदान. त्याच्या पांढऱ्या घुमटाचं कापड फाटून वाऱ्यावर फडफडत होतं, आणि आतले दिवे चालू असल्यामुळे सांगाड्यातून उजेड बाहेर येत होता. मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. बॅटरी वाचवायची होती, तरी पाहिला.

"बाबा, स्टेडियमचं छप्पर गेलं," मी म्हणालो.

"कुठलं? ते वाकड्या टोपीचं?"

"हो."

बाबा जरा वेळ गप्प झाले. ते त्या स्टेडियमला कधी आलेले नाहीत. मी व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं तेवढंच. पण उडालेल्या छपराबद्दल आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

*

आमचं मूळ घर श्रीवर्धनजवळच्या एका गावात आहे. मंगलोरी कौलं, पुढे ओटी, मागे पडवी, आणि घराला लागून सुपारीची वाडी. २०२० च्या लॉकडाउनमध्ये कॉलेज बंद झालं, माझी इंजिनिअरिंगची शेवटची परीक्षा लटकली, आणि आम्ही पनवेलहून गावी जाऊन राहिलो. ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ आलं.

सगळ्यात आधी मागच्या पडवीची कौलं गेली. मग माजघरावरची. कौलं एकेक करून पडत नव्हती, पत्ते पिसल्यासारखी रांगेनं उचलली जात होती. आजोबा माजघराच्या खांबाला टेकून उभे होते आणि प्रत्येक आवाजाला वर बघून सांगत होते, "हा वासा गेला. ही रीप गेली." जणू हिशेब लिहून ठेवायचा होता. वारा थांबला तेव्हा घराच्या मध्यभागी उभं राहून आभाळ दिसत होतं. वाडीतल्या निम्म्याहून अधिक सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या. सुपारी लावली की पीक यायला पाच-सात वर्षं जातात. आजोबांनी ते गणित तिथेच केलं असणार, बोलले मात्र नाहीत.

आम्ही आधी ताडपत्री टाकली, मग माजघरावर पत्रे घातले. मागची पडवी तशीच सोडली. "पुढच्या वर्षी बघू" म्हणालो. पुढच्या वर्षी आजोबा गेले आणि मी एमएस करायला टँपाला आलो.

*

ट्रॉपिकाना फील्डला मी पहिल्यांदा गेलो तो स्वस्त तिकीट आणि एसी या दोन कारणांसाठी. फ्लोरिडाचा ऑगस्ट म्हणजे मे महिन्यातल्या कोकणाचा घाम आणि जुलैतला पाऊस एकाच दिवशी. आत मात्र बाराही महिने ७२ अंश फॅरेनहाइट, म्हणजे साधारण २२ सेल्सिअस. बेसबॉलचा एक नियम धड कळत नव्हता, पण तीन तास गार हवेत बसायला मिळत होतं.

या मैदानाला अमेरिकेत जवळजवळ सगळेच नावं ठेवतात. मेजर लीगमधलं कायमचं बंद छत असलेलं हे एकमेव मैदान. छत सरळही नाही, साडेसहा अंशांनी कललेलं आहे. आत शिरलं की एखाद्या मोठ्या गोदामात आल्यासारखं वाटतं. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या रिकाम्याच राहतात म्हणून २०१९ मध्ये तो मजला बंद करून टाकला. टीम वाईट आहे म्हणून नव्हे. २०१९ ते २०२३ सलग पाच वर्षं ती प्लेऑफला पोहोचली, २००८ आणि २०२० मध्ये वर्ल्ड सीरिज खेळली. तरी लोक पूल ओलांडून येत नाहीत. टँपात राहणाऱ्यांना सेंट पीटर्सबर्ग लांब वाटतं. पुण्यातल्या माणसाला पिंपरी वाटते तसं.

मला ते मैदान आवडायला लागलं ते त्याच्या कॅटवॉकमुळे. छताखाली दिवे आणि स्पीकरसाठी लोखंडी कॅटवॉकच्या चार रिंगा आहेत: ए, बी, सी, डी. उंच मारलेला चेंडू कधीकधी त्यांना लागतो. त्यासाठी खास नियम आहेत. सी किंवा डी रिंगेला फाऊल लाइनच्या आत लागला तर होमरन, ए किंवा बी ला लागला तर खेळ चालूच. शेजारी बसलेल्या अमेरिकन माणसानं हे मला फार लाजत समजावलं, घरातली काहीतरी भानगड सांगितल्यासारखं. मी मात्र हसत सुटलो. आमच्या अंगणात कौलावर बॉल गेला की आऊट, वाडीत गेला की दोन रन, आणि विहिरीत गेला की मारणाऱ्यानं काढायचा. छपरामुळे खेळाचे नियम बदलणं मला नवीन नव्हतं.

मग मी जातच राहिलो. उजव्या बाजूच्या कुंपणामागे पाण्याची टाकी आहे, त्यात खरेखुरे रे मासे फिरतात. आपल्याकडे पाकट म्हणतात तसले. पोरं रांग लावून त्यांच्या पाठीला हात लावतात. प्रेक्षक गाईच्या गळ्यातल्या घंटा वाजवतात. पहिल्या वेळी तो आवाज ऐकून मला संध्याकाळी गुरं परतल्याचा भास झाला होता. टीम जिंकली की घुमटावर नारिंगी दिवे लागतात, आणि घरी परतताना हायवेवरून मागे वळून बघितलं की ती नारिंगी टोपी दिसत राहते. हरल्यावर पांढरीच.

*

वादळानंतर साधारण तीन आठवड्यांनी मी ते बघायला गेलो. पूल ओलांडून सेंट पीटर्सबर्गमध्ये शिरलं की रस्त्याच्या कडेला भिजलेल्या गाद्या, फ्रिज, कपाटं यांचे ढीग लागत होते. ते मिल्टनचे नव्हते, त्याच्याही दोन आठवडे आधीच्या हेलीनचे होते. हेलीन २६ सप्टेंबरला बरंच उत्तरेला धडकलं, पण जाता जाता समुद्राचं पाणी शोर एकर्ससारख्या सखल वस्त्यांत घुसवून गेलं. लोकांनी भिजलेलं सामान रस्त्यावर काढलं आणि ते उचललं जायच्या आत दुसरं वादळ आलं.

मैदानाचा घुमट खाल्लेल्या माशाच्या काट्यासारखा दिसत होता. कापडाच्या २४ पट्ट्यांपैकी १८ गेल्या होत्या. उरलेल्यांच्या चिंध्या लोंबत होत्या.

इंजिनिअर असल्यामुळे मी ते छप्पर कसं उभं होतं याचा शोध घेतला. आत एकही खांब नाही. बाहेर काँक्रीटचं कडं, त्यातून आत ताणलेल्या पोलादी केबल्स, केबल्सवर उभे दांडे, आणि या सगळ्यावर ताणून बसवलेलं टेफ्लॉनचा लेप दिलेलं फायबरग्लासचं कापड. प्रत्येक गोष्ट दुसरीला ओढून धरते म्हणून सगळं वर राहतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकसाठी याच पद्धतीचे घुमट बांधले होते. हा १९९० मध्ये उघडला. रचना ताशी ११५ मैल वाऱ्यासाठी केलेली, असं सांगितलं जायचं. त्या रात्री शहरात १०१ मैलांपर्यंतचे झोत नोंदले गेले.

तपासणीत निघालं की केबल्सचा मुख्य सांगाडा शाबूत आहे. गेलं ते कापड. पण कापड गेल्यावर आतलं सगळं उघडं पडलं. हे मैदान पाऊस अंगावर घेण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. मिल्टननं त्या शहरावर १८ इंचांहून जास्त पाऊस ओतला होता, आणि पुढे पडणारी प्रत्येक सर थेट खुर्च्यांवर, स्पीकरांवर, वायरिंगवर, गालिच्यांवर पडत होती. छप्पर नसलेलं घर एका दिवसात खराब होत नाही, रोज थोडंथोडं होतं. हे आम्हाला माहीत होतं. आमच्या मागच्या पडवीचे वासे तसेच कुजले.

आणखी एक गोष्ट. वादळाआधी याच मैदानात मदतकार्यासाठी येणाऱ्या लोकांच्या हजारो खाटा मांडल्या होत्या. वादळाचा जोर बघून माणसांना वेळेत हलवलं, म्हणून कुणी सापडलं नाही. रिकाम्या खाटांच्या रांगा आणि वर फाटलेलं आभाळ, असा एक फोटो तेव्हा सगळीकडे फिरत होता.

*

मग पैशाचा प्रश्न आला.

मैदान शहराच्या मालकीचं, टीम भाडेकरू. दुरुस्तीचा अंदाज निघाला ५ कोटी ५७ लाख डॉलर्स. शहराचा विमा आधी १० कोटींचा होता. वादळाच्या काही महिने आधी तो अडीच कोटींवर आणला होता, हप्त्यात सुमारे पावणेतीन लाख डॉलर्स वाचतात म्हणून. आणि त्या अडीच कोटींपैकी पहिले २ कोटी २० लाख शहरानंच सोसायचे, अशी अट.

त्यात हे मैदान तसंही पाडायचंच होतं. जुलै २०२४ मध्ये, वादळाच्या तीनच महिने आधी, शहर आणि काउंटीनं शेजारच्या जागेवर १३० कोटी डॉलर्सच्या नव्या मैदानाला मंजुरी दिली होती. ते २०२८ मध्ये उघडणार आणि मग जुनं जमीनदोस्त होणार. दुरुस्ती होणार २०२६ च्या हंगामापर्यंत. म्हणजे साडेपाच कोटी डॉलर्स खर्चून वापर फक्त दोन हंगाम.

माझं उत्तर तयार होतं. आमच्या कामात याला 'सनसेट' म्हणतात. एखादी सिस्टिम दोन वर्षांनी बंद करायची ठरली की तिच्यावर कुणी वेळ घालवत नाही. बग आले तर जुगाड करून चालवतात, सगळं लक्ष नव्या सिस्टिमवर. मी ऑफिसच्या ग्रुपवर लिहिलं, "पाडून टाका. ज्याला भविष्य नाही त्यावर खर्च करणं हा मूर्खपणा आहे." बरेच अंगठे आले.

सिटी कौन्सिललाही नीट ठरवता येत नव्हतं. २१ नोव्हेंबर २०२४ च्या बैठकीत छपरासाठी सुमारे २ कोटी ३७ लाख डॉलर्स देण्याचा ठराव काठावर मंजूर झाला, आणि त्याच दिवशी काही तासांत तो मागे घेतला गेला. लोक हसले. मला हसू आलं नाही, कारण त्याच महिन्यात आमच्या घरात हुबेहूब तशीच बैठक झाली होती.

*

दिवाळीच्या कॉलवर सगळे होते. बाबा-आई पनवेलहून, काका ठाण्याहून, आजी गावाहून. विषय घराचा. माजघरावरचे पत्रे गंजले होते. मागची पडवी वाकली होती आणि आता ती पुढचं आढंही ओढायला लागली होती. सुतारानं सगळं उतरवून नवे वासे, नव्या रिपा आणि कौलं घालायचे सहा लाख सांगितले.

काकांचं म्हणणं सरळ होतं. आजी चौऱ्याऐंशी वर्षांची. तिच्यानंतर तिथं कोण राहणार? आम्ही कुणी जाणार नाही. वाडी घ्यायला रिसॉर्टवाला एक जण तयारही होता, त्याला घर नकोच होतं. "जे तो पाडणारच आहे त्याला सहा लाखांचं छप्पर कशाला?" बाबा आधी "करूया" म्हणाले, अर्ध्या तासानं "थांबूया" म्हणाले.

मग मला विचारलं, कारण निम्मे पैसे माझ्याकडून जायचे होते. मी एक्सेल शीटच केली होती. दर वर्षाचा खर्च, वापराचे दिवस, दर दिवसामागे रुपये. ती स्क्रीनवर शेअर केली. शेवटच्या ओळीत आकडा लाल होता.

आजीला स्क्रीन दिसत नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "ह्यात मी कुठं आहे रे?"

"कशात, आजी?"

"तू जे मांडलंयस त्यात. पत्र्यावर पाऊस पडतो तेव्हा मला टीव्ही ऐकू येत नाही. रात्री उठून बादली सरकवावी लागते. ते कुठल्या ओळीत लिहिलंयस?"

कुणी काही बोललं नाही. तीच पुढे म्हणाली, "उद्या पाडायचंय म्हणून आज गळकं ठेवायचं का?"

निर्णय तेव्हाही झाला नाही. "नंतर बघू" म्हणून कॉल संपला.

*

ऑफिसात माझ्या टीममध्ये एक सीनियर बाई आहे, पन्नाशी पार केलेली, सेंट पीटर्सबर्गचीच. कृष्णवर्णीय. माझ्या "पाडून टाका"वर तिनं अंगठा दिला नव्हता. काही दिवसांनी जेवताना तिनं विचारलं, "त्या स्टेडियमच्या आधी तिथं काय होतं ते माहितेय तुला?"

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं जात होतो, पार्किंगला पैसे भरत होतो, तरी माहीत नव्हतं.

तिथं गॅस प्लांट नावाची वस्ती होती. गॅसच्या दोन मोठ्या टाक्या होत्या, त्यावरून नाव. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांना जिथं राहू दिलं जायचं त्या भागांपैकी एक. घरं, दुकानं, चर्च, सगळं होतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी शहरानं इथं पुनर्विकास करायचं ठरवलं. सांगितलं की कारखाने येतील, नोकऱ्या मिळतील, परवडणारी घरं मिळतील. पाचशेहून जास्त कुटुंबं उठली, नऊ चर्च गेली. मग ऐंशीच्या दशकात शहराचा विचार बदलला आणि त्या जागेवर बेसबॉलचं मैदान उभं राहिलं. टीमसुद्धा नव्हती तेव्हा. मैदान १९९० मध्ये तयार झालं आणि टीम पहिला सामना खेळली १९९८ मध्ये. पार्किंग आणि शेजारच्या हायवेच्या पट्ट्यात पूर्वी तीन कबरस्तानं होती.

शहराचे महापौर केन वेल्च यांच्या आजोबांची या वस्तीत लाकडाची वखार होती. म्हणून नव्या मैदानाच्या ६५० कोटी डॉलर्सच्या योजनेला 'हिस्टॉरिक गॅस प्लांट' असं नाव होतं. त्यात परवडणारी घरं होती, आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय होतं. नव्या मैदानाच्या निमित्तानं जुनं वचन पाळायचं, असा विचार.

"माझ्या आजीचं घर डाव्या बाजूच्या पार्किंगमध्ये कुठंतरी होतं," ती म्हणाली. "आई अजून त्या स्टेडियमात पाऊल ठेवत नाही. मी भावाबरोबर दोनदा गेले. छान गार होतं." मग जरा थांबून म्हणाली, "सगळे म्हणतायत साडेपाच कोटी लागतील, साडेपाच कोटी लागतील. आमच्या घराच्या दुरुस्तीचा अंदाज कुणी काढलाच नव्हता. पाडायचंच होतं ना."

मराठीत आपल्याकडे अशा माणसांसाठी एक शब्द आहे: प्रकल्पग्रस्त. मी तिला तो शब्द सांगितला, अर्थ सांगितला. तिनं दोनदा उच्चारून पाहिला. तिला नवल वाटलं ते एकाच गोष्टीचं, की यासाठी रोजच्या वापरातला शब्द असावा इतकी ही माणसं आमच्याकडे आहेत.

त्या संध्याकाळी मी ग्रुपवरचा माझा मेसेज काढून टाकला. कुणाच्या लक्षातही आलं नसेल.

*

पुढे जे झालं ते भराभर झालं. वादळ आणि निवडणुकीनंतर काउंटीनं नव्या मैदानाच्या कर्जरोख्यांचं मतदान पुढे ढकललं. उशिरामुळे खर्च वाढला, आता हे परवडणार नाही, असं टीमचं म्हणणं पडलं. १३ मार्च २०२५ ला तेव्हाचे मालक स्टुअर्ट स्टर्नबर्ग यांनी योजनेतून अंग काढून घेतलं. नवं मैदान गेलं, आणि त्याच्याबरोबर परवडणारी घरं, संग्रहालय आणि ते जुनं वचनही पुन्हा अधांतरी राहिलं. ऑफिसात मी तिला काही विचारलं नाही.

उरलं जुनं, उघडं मैदान. ज्याला भविष्य नव्हतं ते.

आणि तेच दुरुस्त झालं. एप्रिल २०२५ मध्ये सिटी कौन्सिलनं छपरासाठी सुमारे सव्वादोन कोटी डॉलर्स मंजूर केले. कारण करार. मैदान वापरण्याजोगं करून देणं ही मालक म्हणून शहराची जबाबदारी, आणि तिथं खेळणं ही टीमची. वाया गेलेल्या एका हंगामाच्या बदल्यात तो करार २०२८ पर्यंत वाढला. कापड जर्मनीत विणलं, चीनमध्ये शिवलं, बोटीनं आलं. ऑगस्टमध्ये पहिली पट्टी चढली.

मला यात दोन गोष्टी एकदम दिसल्या, आणि दोन्ही खऱ्या आहेत असं मला वाटतं. पहिली, आजी म्हणाली तीच. छप्पर भविष्यासाठी नसतं, आत्ता आत कोण आहे त्याच्यासाठी असतं. मैदानात दारावर तिकिटं बघणारे म्हातारे आहेत, हॉटडॉग विकणाऱ्या बायका आहेत, आजूबाजूचे छोटे बार आणि दुकानं आहेत. ते २०२८ च्या नकाशात नव्हते, आजच्या पगारात होते. माझ्या एक्सेलमध्ये जशी आजी नव्हती तसे माझ्या "पाडून टाका"मध्ये ते नव्हते.

दुसरी गोष्ट कडू आहे. छप्पर परत आलं ते कुणाला या माणसांची दया आली म्हणून नव्हे, तर टीमकडे सही केलेला कागद होता म्हणून. गॅस प्लांटच्या लोकांकडे सभेत दिलेलं आश्वासन होतं. शोर एकर्समध्ये ज्यांच्या घरात कमरेएवढं पाणी शिरलं त्यांच्यासाठीही शहराशी असा कुठला करार नव्हता, म्हणून कौन्सिलच्या बैठकीत "आमच्या घरांचं काय?" असं विचारणाऱ्यांना मी चूक म्हणू शकत नाही. एकाच शहरात, एकाच पावसात, कुणाचं छप्पर आधी परत येईल हे कागद ठरवतो.

*

२०२५ चा हंगाम रेजनी टँपात, यँकीजच्या सरावाच्या मैदानावर काढला. जॉर्ज स्टाइनब्रेनर फील्ड. जेमतेम दहा-अकरा हजारांची जागा, वर आभाळ. यँकीज म्हणजे त्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी. ठिकठिकाणी त्यांची नावं झाकून वर रेजचे फलक लावले होते. दुसऱ्याच्या मांडवात आपलं लग्न लावल्यासारखं. २८ मार्चच्या पहिल्याच सामन्यात कॅमेरॉन मिस्नर नावाच्या पोरानं शेवटच्या डावात होमरन मारून जिंकून दिलं, त्याच्या मेजर लीग करिअरमधला पहिला होमरन. घंटा खूप वाजल्या. पण नारिंगी करायला घुमट नव्हता.

पावसाळा टाळायला वेळापत्रक उलटंपालटं केलं होतं. पहिल्या ५९ पैकी ४७ सामने घरचे, नंतर जास्त करून प्रवास. तरी जूनमध्ये एका संध्याकाळी मी गेलो तेव्हा आभाळ भरून आलं. मैदानावर ताडपत्री ओढली गेली. वीस-बावीस माणसं धावत निळी ताडपत्री ओढताना बघून मला २०२० चा जून आठवला. शेजारचा एक म्हातारा भिजत म्हणाला, "आयुष्यभर त्या घुमटाला शिव्या दिल्या बघ मी." पुढे काही बोलला नाही. आम्ही दोघं जिन्याखाली उभे राहिलो.

टीमनं हंगाम ७७ विजय आणि ८५ पराभवांवर संपवला. सप्टेंबरअखेर टीम विकली गेली, सुमारे १७० कोटी डॉलर्सना, जॅक्सनव्हिलचे घरबांधणी व्यावसायिक पॅट्रिक झालुप्स्की यांच्या गटाला. त्यांना २०२९ पर्यंत नवं मैदान हवंय आणि नजर टँपाच्या बाजूला आहे. म्हणजे सेंट पीटर्सबर्गचा घुमट पुन्हा एकदा थोड्या दिवसांचा पाहुणा. तरी नोव्हेंबरपर्यंत त्याच्या सगळ्या पट्ट्या चढल्या.

*

आमच्या घराचं छप्पर त्याच्या आधी झालं. मार्चमध्ये मी निम्मे पैसे पाठवले. एक्सेल उघडली नाही. काकांनीही शेवटी आपला वाटा दिला, "मला पटलेलं नाही" असं स्पष्ट सांगून. मेअखेर, पावसाच्या तोंडावर कौलं चढली. मागची पडवी लहान केली, तेवढीच बचत. वाडीचा निर्णय अजून झालेला नाही. रिसॉर्टवाला अधूनमधून फोन करतो.

पहिल्या मोठ्या पावसानंतर मी आजीला फोन केला. टीव्हीचा आवाज मागे मोठ्यानं चालू होता.

"छप्पर कसं आहे, आजी?"

"आहे. माकडांनी दोन कौलं हलवलीत, न्हाणीघरात गळतंय जरासं. सुतार उद्या येतो म्हणालाय." मग तिनं विचारलं, "तुझ्या त्या स्टेडियमचं घातलं का?"

"घालतील. कापड बोटीत आहे."

"बरं," ती म्हणाली. "किती दिवस टिकेल?"

"तीन-चार वर्षं. मग कदाचित पाडतील."

"तीन-चार वर्षं पुष्कळ झाली की," असं म्हणून तिनं फोन ठेवला, कारण तिची मालिका सुरू झाली होती.